आधी कोणाला सोडायचं?

मंडळी, या शनिवारी पुन्हा स्विच आणि लोकल. डोंबिवलीत राहणाऱ्या नेटवर्कवाल्याकडून दुसरं काय मिळणार! :)

परवा ऑफिसच्या स्विचवर मी जरा जास्तच शहाणपणा केला. फोनवरचं बोलणं तुटत होतं, म्हणून आवाजाच्या पॅकेटना सगळ्यात वरची रांग दिली आणि 'स्ट्रिक्ट प्रायॉरिटी' लावली. म्हणजे वरची रांग रिकामी होईपर्यंत खालच्या रांगेतलं एकही पॅकेट सुटणार नाही. त्याच रांगेत व्हिडिओ मीटिंगही घातल्या. दुपारपर्यंत बाकीच्यांचा मेल, बॅकअप सगळं ठप्प! चूक अर्थात माझीच.

संध्याकाळी लोकलमध्ये उभा असताना वाटलं, हा घोळ आपल्या लाईनीला नवा नाही.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून गाडी ठाण्याला आली, 1 मे 1854 ला कल्याणपर्यंत मार्ग खुला झाला. मध्ये पारसिकचा डोंगर, म्हणून रूळ मुंब्र्याकडून खाडीच्या कडेने वळसा घालून गेले. 1916 मध्ये सुमारे 1.3 किलोमीटरचा पारसिक बोगदा सुरू झाला. पुढे वर्षानुवर्षं धीम्या लोकल मुंब्र्यावरून आणि जलद लोकल बोगद्यातून, अशा दोन रांगा होत्या. पण बोगद्यात मेल-एक्सप्रेसही होत्या. एकीला पुढे काढायचं तर दुसरी थांबणार.

इथरनेटच्या टॅगमध्ये प्राधान्यासाठी 3 बिट असतात, म्हणजे 0 ते 7 असे 8 दर्जे. पण दर्जा दिल्याने वायरची क्षमता वाढत नाही. थांबायचं कोणी, एवढंच ठरतं.

दिवेकरांना विचारा. कित्येक वर्षं जलद लोकल समोरून धडधडत निघून जायच्या. 2 जानेवारी 2015 ला पँटोग्राफ तुटून वाहतूक कोलमडली आणि दिव्याचे प्रवासी रुळांवर उतरले. डिसेंबर 2016 पासून काही जलद लोकल तिथे थांबू लागल्या. आमच्याकडे याला 'वेटेड राउंड रॉबिन' म्हणतात : मोठ्या रांगेला मोठा वाटा, पण धाकट्या रांगेचीही पाळी येतेच.

खरी वायर वाढली ती फेब्रुवारी 2022 मध्ये. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, बोगदा मेल-एक्सप्रेसकडे गेला आणि जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने धावू लागल्या. गाड्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, डब्यातली गर्दी मात्र राहिली. 9 जून 2025 च्या सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन भरलेल्या लोकल एकमेकींजवळून जाताना दारातले प्रवासी खाली पडले. त्या दिवशी 4 जण गेले.

स्विचचा बफर भरला की पॅकेट टाकून दिलं जातं. बहुतेकदा बिघडत नाही, मेल-बॅकअपचं असेल तर पलीकडून ते पुन्हा पाठवलं जातं. माणसाचं तसं नाही.

असो. सोमवारी आवाजाच्या रांगेला मर्यादा घातली, बाकीच्यांना वाटे दिले आणि साहेबांकडे जास्त क्षमतेची लाईन मागितली. ते म्हणाले, "आधी हीच नीट वापरून बघ." बघतोय.