आभासी यंत्र आणि खरी नोंद : सर्व्हर-आभासीकरणाचा इतिहास व महाराष्ट्रातील भूमी अभिलेख

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेरा हे मध्य प्रदेशाच्या सीमेजवळचे, धानपट्ट्यातील गाव. अशा गावातील शेतकऱ्याच्या जमिनीची नोंद एके काळी पटवाऱ्याच्या बस्त्यात असे. ती पाहावयाची तर बस्ता सोडावा लागे आणि बस्ता कोठे आहे हे साऱ्या गावाला ठाऊक असे. आज तीच नोंद सातबाऱ्याच्या रूपाने संगणकाच्या पडद्यावर उमटते. परंतु ती नेमक्या कोणत्या यंत्रात आहे, या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. हे उत्तर नाहीसे होण्यामागे 'व्हर्च्युअलायझेशन' म्हणजेच आभासीकरण या तंत्राचा सुमारे सहा दशकांचा इतिहास आहे. नोंद आणि यंत्र यांची फारकत कशी होत गेली आणि त्या फारकतीने नोंदीची सुरक्षितता व तिच्यावरील ताबा यांचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. बस्त्यापासून तालुक्याच्या संगणकापर्यंत

भंडारा जिल्हा मध्य प्रांतात असताना तेथे मालगुजारी पद्धती होती आणि पटवारी खसरा, जमाबंदी इत्यादी कागद सांभाळीत असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हा जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनंतर राज्यभर एकसारखी नोंदपद्धती रूढ होत गेली. सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यात मात्र आजही शेतकऱ्याच्या तोंडी 'खसरा' हाच शब्द आहे. १८६७ मध्ये बालाघाट जिल्हा निर्माण करताना भंडारा जिल्ह्याचाही काही भाग त्यात गेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे नोंदीचे स्वरूप शासनव्यवस्थेनुसार बदलते, जमीन तीच राहते, हे स्पष्ट होते.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यात महाराष्ट्रातून विदर्भातीलच वर्धा जिल्ह्याची निवड झाली होती. पुढे सातबाऱ्याच्या संगणकीय प्रती तालुक्याच्या ठिकाणी मिळू लागल्या. या टप्प्यावर बस्त्याची जागा संगणकाने घेतली, परंतु मूळ नाते कायम राहिले. माहिती एका ठरावीक यंत्रात आणि यंत्र एका ठरावीक खोलीत, अशी ती रचना होती. यंत्र बिघडले की काम थांबे.

२. आभासी यंत्राची कल्पना

हे नाते तोडण्याची कल्पना अमेरिकेत १९६० च्या दशकात आकाराला आली. त्या काळी संगणक अतिशय महाग असे आणि एका वेळी एकाच कामाला त्याला जुंपणे परवडणारे नव्हते. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात रॉबर्ट क्रीसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीपी-४०' ही प्रणाली तयार केली. १९६७ मध्ये ती वापरात आली. एका यंत्रावर एकाच वेळी चौदा आभासी यंत्रे चालविण्याची तिची क्षमता होती. प्रत्येक वापरकर्त्याला आपल्या हाताशी स्वतंत्र संगणक असल्याचा अनुभव येई. १९७२ मध्ये 'व्हीएम/३७०' या नावाने ही कल्पना बाजारात आली. १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी कोणत्या प्रकारच्या यंत्राचे आभासीकरण शक्य आहे, याचे औपचारिक निकष मांडले.

महाराष्ट्रात याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एका मोठ्या संगणकाचा अनेकांनी टर्मिनलद्वारे वापर करण्याची पद्धत रुळत होती. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातील कारभार आवरता घेतला. त्यानंतर कार्यालयांत व महाविद्यालयांत जे संगणक पोहोचले ते बहुतांशी एक्स-८६ कुळातील स्वस्त वैयक्तिक संगणक होते. स्वस्त यंत्रांच्या या काळात एका यंत्राचे अनेक भाग करण्याची निकड कोणालाच भासली नाही.

३. रिकाम्या सर्व्हरचा प्रश्न

ती निकड पुन्हा उद्भवली ती यंत्रांच्या विपुलतेमुळे. १९९० च्या दशकात प्रत्येक कामासाठी वेगळा सर्व्हर घेण्याची रीत पडली. वेतनाचा एक, टपालाचा एक, संकेतस्थळाचा एक. यातील बहुतेक सर्व्हर बहुतांश वेळ रिकामेच बसत. मात्र वीज, जागा आणि थंडावा यांचा खर्च पूर्ण क्षमतेच्या यंत्राइतका नसला तरी मोठाच असे.

अडचण अशी होती की, एक्स-८६ प्रक्रियक पोपेक-गोल्डबर्ग यांच्या निकषांत बसत नव्हता. त्यातील सतरा आज्ञा अशा होत्या की, त्यांच्यावर नियंत्रक आज्ञावलीची नजर राहत नसे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधनातून १९९८ मध्ये निघालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने अशा आज्ञांचे चालू स्थितीतच भाषांतर करण्याची युक्ती योजली. १९९९ मध्ये तिने वैयक्तिक संगणकासाठी आणि २००१ मध्ये सर्व्हरसाठी आज्ञावली आणली. २००३ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठातून 'झेन' पुढे आले. २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रक्रियकातच आभासीकरणाची सोय केली आणि २००७ मध्ये 'केव्हीएम' लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाले. मुक्त आज्ञावलीच्या मार्गाने हे तंत्र त्यामुळे सर्वांना खुले झाले.

या तंत्राचा गाभा 'हायपरवायझर' हा होय. तो प्रत्यक्ष यंत्र व कार्यप्रणाली यांच्यामध्ये बसतो आणि प्रक्रियक, स्मृती व साठवण यांची वाटणी करतो. आभासी सर्व्हर म्हणजे वस्तुतः काही फायलींचा संच. त्यामुळे त्याची प्रत काढता येते, एका क्षणाची स्थिती जतन करता येते आणि तो चालू असतानाच एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर हलविता येतो. 'यंत्र बिघडले म्हणून काम थांबले' हे वाक्य डेटा सेंटरमधून हळूहळू हद्दपार झाले ते यामुळे.

४. महाराष्ट्रातील स्थित्यंतर

केंद्र शासनाने जानेवारी २००८ मध्ये राज्य डेटा सेंटरांची योजना मंजूर केली. त्याच वर्षी भूमी अभिलेख आधुनिकीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. मुंबईत राज्याचे डेटा सेंटर उभे राहिले आणि विविध विभागांना स्वतंत्र यंत्रे विकत घेण्याऐवजी सामायिक आभासी सर्व्हर देण्याची व्यवस्था 'महागव्ह क्लाउड' या नावाने आकारास आली.

या बदलाचे मोल एका दुर्घटनेने अधोरेखित केले. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला भीषण आग लागली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली भस्मसात झाल्या. कागद आणि खोली यांचे नाते किती जीवघेणे ठरू शकते, हे त्या दिवशी दिसले. त्यानंतर कागदपत्रांचे स्कॅनिंग आणि ई-ऑफिस यांना वेग आला. २०१४ मध्ये केंद्राचा 'मेघराज' राष्ट्रीय क्लाउड कार्यान्वित झाला आणि २०१८ मध्ये राज्याने सार्वजनिक क्लाउडविषयक धोरण जाहीर केले. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध होऊ लागला.

या साखळीत एक दुवा अनेकदा दुर्लक्षिला जातो. २०१७ मध्ये राज्यभर 'चावडी वाचन' मोहीम झाली. संगणकीय सातबारा हस्तलिखिताशी जुळतो की नाही, हे गावकऱ्यांसमोर वाचून तपासण्यात आले. नाव चुकले, क्षेत्र कमी लागले, तर ते सांगणारा माणूस समोर बसलेला होता. आभासीकरण नोंदीची हुबेहूब प्रत करते, चुकीच्या नोंदीचीही. नोंद खरी आहे की नाही, याचा निर्णय कोणताही हायपरवायझर देऊ शकत नाही. तो चावडीवरच होतो.

५. डेस्कटॉपचे आभासीकरण

सर्व्हरला लागू झालेले तत्त्व टेबलावरील संगणकालाही लागू झाले. वापरकर्त्यासमोर केवळ पडदा व कळफलक आणि त्याचा 'संगणक' डेटा सेंटरमध्ये, अशी ही रचना. सिट्रिक्सने १९९० च्या दशकात तिचा पाया घातला; मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये ती क्लाउडवर सेवारूपाने आणली. महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या दृष्टीने जुन्या यंत्रांचे आयुष्य वाढणे आणि देखभाल एकाच जागी होणे हे तिचे उघड लाभ आहेत. तथापि जोडणी तुटली की असा संगणक निव्वळ पडदा उरतो. खंडित विजेच्या व दुबळ्या नेटवर्कच्या भागांत ही मर्यादा गौण मानता येत नाही. १९७० च्या दशकातील टर्मिनलकडे इतिहासाने पुन्हा वळण घेतले, असेही म्हणता येईल.

६. नवे अवलंबित्व

अलीकडच्या दोन घटना या इतिहासाची दुसरी बाजू दाखवितात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली. ज्या संस्थांचे सारे सर्व्हर त्या आज्ञावलीवर उभे होते त्यांना खर्चाचा फेरविचार करावा लागला आणि अनेकांचे लक्ष मुक्त पर्यायांकडे वळले. यंत्रापासून सुटलेली नोंद आज्ञावलीच्या मालकाशी बांधली जाऊ शकते, हा यातील धडा.

दुसरी घटना दक्षिण कोरियातील. २६ सप्टेंबर २०२५ रोजी डेजॉन येथील शासकीय डेटा सेंटरला आग लागली. ७०९ शासकीय प्रणाली बंद पडल्या. त्यातील 'जी-ड्राइव्ह' या साठवणीतील सुमारे ८५८ टेराबाइट माहितीची अन्यत्र प्रत नव्हती, ती नष्ट झाली. मंत्रालयात कागद जळाले होते, तेथे क्लाउड जळाला. आभासी यंत्र हलविता येते, हे खरे. परंतु त्याची प्रत दुसऱ्या जागी ठेवण्याचा निर्णय माणसांनी आधी घ्यावा लागतो.

निष्कर्ष

आभासीकरणाने नोंदीला एका यंत्राच्या, एका खोलीच्या आणि एका कुलपाच्या बंधनातून सोडविले, ही त्याची ऐतिहासिक कामगिरी होय. वाळवी, पूर, आग आणि कपाटाच्या किल्लीची मक्तेदारी यांपासून बपेऱ्यासारख्या गावातील नोंद पूर्वीपेक्षा अधिक सुरक्षित होऊ शकते. परंतु बस्ता डोळ्यांसमोर होता, तेव्हा जबाबदार कोण हेही डोळ्यांसमोर होते. यंत्र अदृश्य झाले तरी जबाबदारी अदृश्य होता कामा नये. यासाठी भिन्न ठिकाणी प्रती, शक्य तेथे मुक्त आज्ञावलीचा पर्याय आणि गावपातळीवर नोंदींचे नियतकालिक वाचन, या तीन गोष्टी परस्परपूरक मानाव्या लागतील. त्यांतील पहिल्या दोन डेटा सेंटरमध्ये घडतील. तिसरीसाठी चावडीला पर्याय नाही.