‘अर्धकथानक’ : एका श्रावकाची आत्मकथा आणि तिचे अभ्यासक

जैन परंपरेने भारतीय वाङ्मयाला जे भांडार दिले आहे, त्यात कथावाङ्मयाचे स्थान फार मोठे आहे. आगमांवरील टीकांमधील दृष्टांतकथांपासून आचार्य हेमचंद्रांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’पर्यंत ही परंपरा अखंड वाहत आली. या चरित्रांचे नायक तीर्थंकर, चक्रवर्ती आणि महापुरुष आहेत. मात्र एका सामान्य व्यापारी श्रावकाने स्वतःचेच जीवन गुणदोषांसह पद्यबद्ध केले, असा एक ग्रंथही याच परंपरेत आहे. तो ग्रंथ म्हणजे कविवर बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’.

बनारसीदासांचा जन्म इ. स. १५८६ मध्ये जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. पिता खरगसेन जवाहिऱ्याचा व्यवसाय करीत. बालकाचे मूळ नाव विक्रमाजीत होते. परंतु वाराणसीस पार्श्वनाथांच्या दर्शनास नेले असता तेथील पुजाऱ्याच्या सांगण्यावरून ते बदलून बनारसीदास ठेवण्यात आले. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे मानून वयाच्या ५५ व्या वर्षी, विक्रम संवत १६९८ मध्ये, म्हणजे इ. स. १६४१ मध्ये, त्यांनी आग्रा येथे ही कथा पूर्ण केली. अर्ध्या आयुष्याची कथा म्हणून तिचे नाव ‘अर्धकथानक’. प्रामुख्याने दोहा आणि चौपाई या छंदांतील ६७५ पद्यांचा हा ग्रंथ मध्यदेशाच्या बोलीत रचला असल्याचे कवींनीच नमूद केले आहे. ग्रंथपूर्तीनंतर थोड्याच काळात त्यांचे निधन झाल्याने उत्तरार्ध मात्र कधीच लिहिला गेला नाही.

साहित्याचे अभ्यासक या ग्रंथाकडे तीन अंगांनी पाहतात. पहिले अंग कथनाच्या रूपाचे. चरित्रग्रंथांत नायकाच्या सुखदुःखाचा उलगडा बहुधा पूर्वजन्मांच्या वृत्तांतातून होतो. महाराष्ट्रातील याच शतकाचे उदाहरण घ्यावयाचे तर संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनपर अभंगांतही पूर्वजन्मांची हकिकत येते. बनारसीदासांचा कर्मसिद्धांतावर पूर्ण विश्वास होता; तरीही ते पूर्वभव सांगत नाहीत. ते याच जन्मातील घटना क्रमाने, वर्षांच्या उल्लेखासह आणि पुष्कळदा स्वतःवर हसत सांगतात. एका संन्याशाने दिलेला मंत्र वर्षभर जपल्यास रोज दारात सुवर्णमुद्रा सापडेल, या आशेने त्यांनी जप केला आणि शेवटी हाती काही लागले नाही, ही फजिती त्यांनी झाकून ठेवलेली नाही. तारुण्यात रचलेला शृंगारकाव्याचा ग्रंथ पश्चात्तापाने गोमतीच्या पात्रात सोडून दिल्याचा प्रसंगही ते तितक्याच सरळपणे सांगतात. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली आणि एकही जगले नाही. हे दुःख त्यांनी पानगळ झालेल्या वृक्षाच्या उपमेने मोजक्या शब्दांत मांडले आहे. ग्रंथाच्या शेवटी ते आपले गुण आणि दोष यांची वेगवेगळी यादीच देतात. व्यापाऱ्याने जमा आणि नावे मांडावी, तसा हा जीवनाचा ताळेबंद आहे.

दुसरे अंग सामाजिक इतिहासाचे. मोगल काळाचा इतिहास बहुतांशी दरबारी बखरकारांच्या आधारे लिहिला गेला. बाजारपेठेतून तो काळ कसा दिसत होता, हे ‘अर्धकथानक’ सांगते. इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या मृत्यूची वार्ता जौनपुरास पोहोचली, तेव्हा पायरीवर बसलेले बनारसीदास भोवळ येऊन कोसळले व त्यांचे डोके फुटले. शहरात घरांची व दुकानांची दारे बंद झाली. लोकांनी दागदागिने जमिनीत पुरले, जाडीभरडी वस्त्रे अंगावर घातली, आणि श्रीमंत कोण व गरीब कोण हे ओळखू येईना. नवा बादशहा गादीवर बसल्याचे पत्र आले, तेव्हा कुठे दहा दिवसांनी भय ओसरले. त्यापूर्वी नवाब कुलीचखानाने जौनपूरच्या सर्व जवाहिऱ्यांना कोंडून फटके मारल्याचे आणि सुटका होताच त्यांनी शहर सोडल्याचे वर्णनही यात आहे. आग्रा शहरातील गाठीच्या रोगाची हकिकत वाचताना, उंदीर मरत होते आणि वैद्यही मरत होते, हा तपशील अभ्यासकांच्या नजरेत भरतो. कारण जहांगीर बादशहाच्या आत्मवृत्तातही प्लेगच्या संदर्भात उंदराचा उल्लेख आहे. दोन स्वतंत्र साक्षी अशा जुळल्या म्हणजे पुराव्याचे वजन वाढते. अधिक विद्या ब्राह्मणांनी आणि भाटांनी करावी, वाण्याच्या मुलाने दुकान सांभाळावे, हा वडीलधाऱ्यांचा उपदेशही त्या काळाचे मन दाखवितो.

अर्थात आत्मकथा ही स्मरणातून रचलेली असते. घटना घडल्यानंतर कित्येक वर्षांनी, अध्यात्माकडे वळलेल्या प्रौढ मनाने ती लिहिली आहे. म्हणून काय सांगितले यासोबत काय गाळले असावे, कोणत्या प्रसंगाला किती जागा दिली, हेही पाहावे लागते. कथनाच्या रूपाचा अभ्यास आणि इतिहासाचा अभ्यास येथे परस्परांना पूरक ठरतात.

तिसरे अंग भाषांतराचे. बनारसीदास स्वतःच या कार्यातील अग्रणी होते. आचार्य कुंदकुंदांच्या प्राकृत ‘समयसारा’वर आचार्य अमृतचंद्रांनी संस्कृत कलश रचले, त्यांच्या आधारे इ. स. १६३६ मध्ये बनारसीदासांनी ‘नाटक समयसार’ लोकभाषेत उतरविले. जे पंडितांपुरते होते, ते सामान्य श्रावकाच्या मुखी आले. पुढे ‘अर्धकथानका’चेही भाषांतर करण्याची वेळ आली. मुंबईत ‘हिंदी ग्रंथ रत्नाकर’ चालविणारे पंडित नाथूराम प्रेमी यांनी इ. स. १९४३ मध्ये त्याची संपादित आवृत्ती प्रसिद्ध केली. मुकुंद लाठ यांचा अभ्यासपूर्ण इंग्रजी अनुवाद इ. स. १९८१ मध्ये जयपूरहून निघाला, आणि रोहिणी चौधरी यांचा इंग्रजी अनुवाद इ. स. २००९ मध्ये प्रकाशित झाला. अनुवादकाची कसोटी अशा ग्रंथात पदोपदी लागते. ‘कर्माचा उदय’ या शब्दांना ‘नशीब’ म्हटले, तर जैन तत्त्वज्ञानाचा गाभाच हरवतो. कारण नशीब बाहेरून येते, तर कर्म जीवाने स्वतः बांधलेले असते. चौपाईची लय गद्यात आणता येत नाही. पण कवींचा मिस्कील स्वर राखता येतो, आणि तो राखला तरच माणूस भेटतो.

या ग्रंथाचे मोल एवढ्यासाठी की, राजा नव्हे, आचार्य नव्हे, अशा एका गृहस्थाने सत्याच्या आग्रहाने आपली नोंद ठेवली आणि नकलाकारांनी व ग्रंथभांडारांनी ती जपली. ती जपली गेली नसती तर जौनपूरच्या त्या दहा दिवसांचे भय आज कोणालाही कळले नसते. समाजातील अनेक घरांच्या माळ्यावर आजही जुन्या चोपड्या, यात्रांच्या वह्या, पत्रव्यवहार आणि हस्तलिखित पोथ्या पडून आहेत. वाळवी आणि ओल यांना त्यांचे मोल कळत नाही. त्या उतरवून, पुसून, त्यांची सूची करून अभ्यासकांच्या हाती देणे हीदेखील श्रुतसेवाच होय. सुवर्णमहोत्सव म्हणजेही एका अर्थी अर्धकथानकच. मागील पन्नास वर्षांच्या वहीत गुणांबरोबर उणिवाही प्रांजळपणे मांडल्या, तर उत्तरार्ध लिहिणाऱ्या पिढीस ती वही खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल.