लिटल लीगरचं कोपर: न मोजलेल्या चेंडूंची गोष्ट

अकरा वर्षांचा मुलगा समोर बसलेला असतो. महिनाभर कंबर दुखतेय. शाळेच्या टीमचा तो मुख्य बोलर. त्याच्या आधी वडीलच बोलतात, "डॉक्टर, रविवारी फायनल आहे. तेवढं एक इंजेक्शन देऊन टाका, मग पाहिजे तेवढी विश्रांती घेईल." मी विचारतो, "आठवड्याला साधारण किती चेंडू टाकतो हा?" बापलेक एकमेकांकडे बघतात. विकेटी किती काढल्या ते दोघांनाही पाठ असतं. चेंडूंचा हिशोब कुणाकडेच नसतो.

असा हिशोब ठेवायला हवा, हे मोठ्या माणसांच्या गळी उतरायला एकदा जवळजवळ अर्धं शतक लागलं होतं. ती गोष्ट अमेरिकेतली आणि बेसबॉलची आहे. पण खेळाचं नाव बदललं, तर आपल्या कोणत्याही मैदानावर ती शोभेल.

१९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या विल्यम्सपोर्ट गावात कार्ल स्टॉट्झ नावाच्या गृहस्थाने आपल्या भाच्यांसाठी आणि शेजारच्या मुलांसाठी बेसबॉलची छोटी स्पर्धा सुरू केली. मुलांच्या बेतानं मैदान लहान केलं आणि बॅटही त्यांना पेलेल अशी. कपड्यालत्त्याच्या खर्चासाठी स्थानिक धंदेवाल्यांकडे हात पसरले. पहिल्या वर्षी टीम फक्त तीन होत्या. नाव ठेवलं 'लिटल लीग'. मोठ्यांचा खेळ मुलांच्या मापाचा करून द्यायचा, एवढीच कल्पना होती.

ती कल्पना वणव्यासारखी पसरली. १९४७ मध्ये पहिली मोठी स्पर्धा झाली. मग 'वर्ल्ड सिरीज' असं भारदस्त नाव आलं, एका मोठ्या रबर कंपनीचा पैसा आला आणि १९५३ मध्ये टीव्हीचे कॅमेरेही आले. बारा वर्षांची पोरं आता देशासमोर खेळू लागली. संघटनेची सूत्रं स्टॉट्झच्या हातून निसटत गेली. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं आणि १९५६ पर्यंत तो स्वतःच सुरू केलेल्या संघटनेतून बाहेर पडला. पुढे तो गावातच, मूळच्या लहान रूपात मुलांना खेळवत राहिला.

आता थोडं शरीरशास्त्र. बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, साधारण आपल्या बोलरसारखा. पण तो कोपर वाकवून, खांद्यावरून जोरात चेंडू फेकतो. त्या झटक्यात कोपराच्या आतल्या बाजूला प्रचंड ताण येतो. तिथे हाताला लागणारा हाडाचा एक उंचवटा असतो. मनगट वाकवणारे स्नायू आणि कोपर सांधून धरणारा अस्थिबंध हे त्यालाच चिकटलेले असतात. मोठ्या माणसात तो उंचवटा मुख्य हाडाशी एकजीव झालेला असतो. दहा-बारा वर्षांच्या मुलात मात्र या दोन्हींच्या मध्ये कूर्चेची मऊ पट्टी असते. हाडं वाढतात ती अशाच पट्ट्यांतून. साखळीतली सर्वांत कच्ची कडी हीच. मोठ्याचा अस्थिबंध जिथे फाटेल, तिथे मुलाची ही पट्टी ताणली जाते, सुजते आणि कधी हाडाचा तुकडाच ओढला जातो.

१९६० मध्ये ब्रॉगडन आणि क्रो या दोन डॉक्टरांनी एक्स-रेमध्ये दिसणाऱ्या या दुखापतीचं वर्णन केलं आणि तिला नाव दिलं 'लिटल लीगरचं कोपर'. मुलांच्या करमणुकीसाठी निघालेल्या संस्थेचं नाव एकवीस वर्षांत आजाराला मिळालं!

१९६५ मध्ये कॅलिफोर्नियातले अस्थिरोगतज्ज्ञ जोएल ॲडम्स यांनी ९ ते १४ वर्षांच्या १६२ मुलांची कोपरं तपासली. त्यांतल्या ८० पिचरपैकी प्रत्येकाच्या फेकत्या कोपरात काही ना काही बदल आढळले. नंतरच्या काही पाहण्यांत चित्र इतकं गडद दिसलं नाही. शिवाय एक्स-रेत बदल दिसला म्हणजे प्रत्येकाला त्रास होतोच असंही नाही. पण मुलांच्या फेकीला मर्यादा हवी, हा ॲडम्स यांचा मुद्दा कुणी खोडून काढू शकलं नाही.

मर्यादा होतीही. गोम होती ती मोजण्यात. एका मुलाने आठवड्याला किती 'इनिंग' पिचिंग करायचं, एवढंच मोजलं जायचं. बेसबॉलमध्ये समोरचे तीन गडी बाद होईपर्यंत पिचरची इनिंग चालते. ते आठ चेंडूंत होईल, नाहीतर चाळीस चेंडूंत. कागदावर दोन्ही एकच इनिंग! म्हणजे ज्याची लय बिघडली आहे, जो दमला आहे, त्या मुलाच्या हातून जास्त चेंडू जाणार आणि तरी नियम पाळल्याचं समाधान कोचला मिळणार. कूर्चेला इनिंग कळत नाही. तिला कळतो प्रत्येक चेंडूचा झटका.

दरम्यान मोठ्यांची जिंकण्याची हौस कुठवर जाते, हे जगाने पाहिलं. १९९२ मध्ये फिलिपिन्सच्या विजेत्या संघाचं अजिंक्यपद अपात्र खेळाडूंमुळे काढून घेतलं गेलं. २००१ मध्ये न्यू यॉर्कच्या एका मुलाने अफाट पिचिंग केलं. नंतर उघड झालं की तो बारा नव्हे, चौदा वर्षांचा होता आणि जन्माचा दाखला खोटा होता. वडिलांवर आणि संघाच्या संस्थापकावर कायमची बंदी आली. पण जगभर चेहरा झळकला तो मुलाचा.

हे आपल्याला नवीन नाही. वय चोरणाऱ्यांना पकडण्यासाठी बीसीसीआय १६ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. त्यात बघतात काय, तर वाढीच्या पट्ट्या किती उघड्या आहेत. मुलाचं खरं वय सांगणाऱ्या याच पट्ट्या अतिखेळाने दुखावतात.

अखेर २००७ मध्ये लिटल लीगने इनिंग सोडून प्रत्यक्ष चेंडू मोजायला सुरुवात केली. दहा वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ७५, अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ८५, आणि किती टाकले त्यानुसार सक्तीची विश्रांती. दुखापतीला नाव मिळाल्यापासून ४७ वर्षं गेली होती. २०११ मध्ये ४८१ मुलांचा दहा वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला शंभराहून जास्त इनिंग पिचिंग करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका साडेतीनपट निघाला.

आता परत आपल्या बोलरकडे. क्रिकेटमध्ये ताण कोपरापेक्षा कमरेवर जास्त येतो. चेंडू टाकताना कंबर एकाच वेळी मागे वाकते, बाजूला झुकते आणि पिळली जाते. मणक्याच्या मागच्या भागात हाडाचा एक अरुंद पूल असतो. तोच ताण पुन्हा पुन्हा बसला की त्याला बारीक चीर पडते. साध्या एक्स-रेत ती बरेचदा दिसत नाही, एमआरआय करावा लागतो. वेळीच कळलं तर काही महिने बोलिंग बंद ठेवून ती बहुधा भरून येते. दुखणं दाबून खेळत राहिलं तर चीर वाढते. इंग्लंडमध्ये वयानुसार वेगवान बोलरच्या षटकांना मर्यादा घातलेली आहे, ती यासाठीच.

पण नियम मॅचपुरता. शाळेची टीम, क्लबची टीम, उन्हाळी शिबिर आणि संध्याकाळचं नेट, या चारही ठिकाणी तोच मुलगा धावतो. प्रत्येक सरांना आपल्याकडचेच चेंडू दिसतात. त्यांची बेरीज फक्त घरीच होऊ शकते.

म्हणून घरी एक वही ठेवा. रोजचे चेंडू लिहा, नेटमधलेही. आठवड्यातून किमान एक-दोन दिवस आणि वर्षातून काही महिने बोलिंगला पूर्ण सुट्टी द्या. बोलिंगनंतर कंबर, खांदा किंवा कोपर दुखत असेल तर बोलिंग थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. खेळता यावं म्हणून वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन कधीही नको. दुखणं ही त्या कच्च्या हाडाची एकमेव भाषा आहे, ती बंद केली तर आपल्याला काहीच कळणार नाही. आणि मुलाला एकट्यात विचारा. सर ओरडतील, टीममधून काढतील, बाबा नाराज होतील, या भीतीने मुलं दुखणं लपवतात.

इंजेक्शन मी देत नाही. वडील थोडे रागावतात. मुलगा मात्र हळूच विचारतो, "फायनल बघायला तर जाऊ शकतो ना?" जा की! बाउंड्रीबाहेर बसून मित्रांच्या नावानं घसा फोड, त्याला काही बंदी नाही.