मिठाच्या पाण्यातले हात

लंडनला पॅडिंग्टन स्टेशनातून बाहेर पडलात की दोन-चार मिनिटांवर सेंट मेरीज हॉस्पिटल लागतं. अलेक्झांडर फ्लेमिंगला पेनिसिलिन सापडलं ते इथे, म्हणून माणसं थांबून फोटो काढतात. पण याच ठिकाणी १८८७ साली माणसाच्या हृदयाचा विजेचा आलेख पहिल्यांदा काढला गेला, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. रोज तिथून जात असूनही मला ते माहीत नव्हतं. गेल्या वर्षी सांगलीत बाबांना हार्ट अटॅक आला आणि त्यानंतर मी हे सगळं वाचायला लागले.

बाबांच्या मनगटावर मीच नेऊन दिलेलं, ईसीजी काढणारं घड्याळ होतं. रात्री दोनला त्यांच्या छातीत आणि जबड्यात दुखायला लागलं. मी शिकवलं होतं तसं त्यांनी घड्याळावर बोट टेकवलं आणि तीस सेकंद ते स्वस्थ बसले. ठोके नियमित आहेत, असं उत्तर आलं. बाबांनी पित्ताची गोळी घेतली आणि झोपले. सकाळी शेजारच्या काकांनी त्यांचा चेहरा बघून त्यांना दवाखान्यात नेलं. स्टेंट बसला, बाबा वाचले, पण मधले सहा तास गेले आणि त्यांच्याबरोबर हृदयाचा थोडा स्नायूही गेला.

घड्याळ खोटं बोललं नव्हतं. ठोके खरंच नियमित होते. आपण इथून आईवडिलांसाठी एखादं यंत्र पाठवतो तेव्हा ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर द्यायला जन्माला आलं, हे बघतच नाही. म्हणून तुम्हाला ही गोष्ट पहिल्यापासून सांगते.

सेंट मेरीजमधल्या त्या संशोधकाचं नाव ऑगस्टस वॉलर. त्याच्याकडे बारीक काचनळीत पारा भरलेलं एक उपकरण होतं. हृदयातून निघणारी सूक्ष्म वीज पोचली की पारा किंचित हलायचा आणि त्याची सावली फोटोच्या काचेवर उमटायची. काच एका संथ लयीत सरकायला हवी, म्हणून वॉलरने ती खेळण्यातल्या आगगाडीवर बसवली होती! प्रयोगासाठी माणसाला हातपाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसावं लागे. माणूस नसेल तेव्हा वॉलरचा बुलडॉग जिमी पाण्यात पाय देऊन उभा राही. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीत जिमीचं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा कुत्र्याला छळलं म्हणून ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला. भांड्यात साधं मिठाचं पाणी होतं, हे गृहमंत्र्यांना सांगावं लागलं. गंमत अशी की आपल्या या शोधाचा इस्पितळात फार उपयोग होईल, असं खुद्द वॉलरलाच वाटत नव्हतं.

ज्याला वाटलं तो विलेम आइन्थोवेन. जन्म जावातला, काम नेदरलँड्समधल्या लायडनला. वॉलरचा प्रयोग त्याने १८८९ मध्ये बाझेलच्या परिषदेत पाहिला होता. पारा फार आळशी आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म धागा मोठ्या विद्युतचुंबकाच्या मधोमध ताणून बसवला. सारं यंत्र सुमारे २७० किलोंचं होतं. चुंबक तापू नये म्हणून पाणी खेळवावं लागे आणि चालवायला पाच माणसं लागत. आलेखातल्या चढउतारांना पी, क्यू, आर, एस, टी ही त्याने दिलेली अक्षरं आजही तशीच आहेत. १९२४ चं नोबेल त्याला मिळालं.

हे धूड रुग्णाकडे नेणं शक्यच नव्हतं. म्हणून १९०५ मध्ये आइन्थोवेनने इस्पितळापासून दीड किलोमीटरवरच्या आपल्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनची तार जोडून घेतली. रुग्ण एकीकडे, त्याचं हृदय वाचणारा दुसरीकडे. सांगलीहून बाबा व्हॉट्सअ‍ॅपवर ईसीजीची पीडीएफ पाठवतात तेव्हा मला हटकून ती तार आठवते.

आता जरा बारकाईने बघा. आइन्थोवेनची पहिली जोडणी कोणती? उजवा हात आणि डावा हात. तुमच्या डाव्या मनगटावर घड्याळ असतं आणि त्यावर तुम्ही उजव्या हाताचं बोट टेकवता. ही तीच जोडणी! मिठाच्या पाण्याची भांडी गेली, पाच माणसं गेली, पण हृदयाकडे बघायची खिडकी तीच एक राहिली.

या एका खिडकीतून ठोक्यांची लय छान दिसते. १९०९ मध्येच लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात थॉमस लुईस यांनी दाखवलं की नाडी अगदी बेताल चालते अशा बऱ्याच रुग्णांच्या हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत असतात. हेच एट्रियल फिब्रिलेशन. त्यात कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते आणि पक्षाघात होतो. घड्याळ शोधतं ते हे.

हार्ट अटॅकची गोष्ट निराळी. तिथे हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडते, आणि बहुतेक वेळा लय सुरुवातीला बिघडलेलीच नसते. न्यूयॉर्कच्या हॅरल्ड पारडी यांनी १९२० मध्ये अटॅकमधला आलेखाचा विशिष्ट उंचवटा दाखवला. पण स्नायूचा नेमका कुठला भाग उपाशी आहे हे कळायला छातीवरून बघावं लागतं. छातीवरच्या सहा जागा ब्रिटन आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संस्थांनी १९३८ मध्ये ठरवल्या, १९४२ पर्यंत बारा खिडक्या पुऱ्या झाल्या. दवाखान्यात दहा चिकट्या लावतात त्या यासाठी. आणि तिथेही एकदा काढून भागत नाही, पुन्हा पुन्हा काढतात, रक्त तपासतात.

घरातल्या यंत्राचा वंश मात्र लयीच्या बाजूने पुढे चालला. अमेरिकेत माँटाना राज्यातल्या हेलेना गावी नॉर्मन होल्टर नावाचा शास्त्रज्ञ होता. माणसाचं हृदय पलंगावर नव्हे, तो हिंडत-फिरत असताना बघायला हवं, ही त्याची कल्पना. १९४७ च्या सुमारास त्याने पाठीवर अडतीस किलोंचं रेडिओयंत्र बांधून जागच्या जागी सायकल मारली. ट्रान्झिस्टर आले तसं ते ओझं खिशात मावायला लागलं. आपल्याकडे डॉक्टर ‘होल्टर लावू’ म्हणतात ते यांचंच नाव. अधूनमधून धडधडतं, चक्कर येते, पण दवाखान्यात गेलं की काहीच सापडत नाही, असं तुमच्या घरी कुणाचं असेल तर खरा उपयोग या कुळाचा आहे.

मग २०१२ च्या शेवटी अलाइव्हकोरच्या, फोनच्या मागे बसणाऱ्या पट्टीला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१८ मध्ये अ‍ॅपलच्या घड्याळात ईसीजी आला. २०१९ मध्ये सहा खिडक्यांची पट्टी आली. तिच्यावर दोन हातांची बोटं ठेवायची आणि ती डाव्या पायाला टेकवायची. म्हणजे आइन्थोवेनची तिन्ही भांडी. पण छाती त्यातही नाहीच.

बरं, लय शोधूनही किती हाती लागतं? घड्याळाच्या नाडी-सूचनेच्या अमेरिकेतल्या पाहणीत ४,१९,२९७ माणसं होती. त्यातल्या अर्ध्या टक्क्यालाच बेताल नाडीची सूचना आली. पुढे ज्यांनी छातीवर पट्टी लावून तपासून घेतलं, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत फिब्रिलेशन सापडलं. डेन्मार्कमध्ये सत्तरीपुढच्या सहा हजार जणांची पाहणी झाली. त्यांपैकी काहींच्या कातडीखाली नोंदयंत्र बसवलं होतं. त्यांच्यात फिब्रिलेशन ३२ टक्क्यांना सापडलं, इतरांत १२ टक्क्यांना. तरी पक्षाघात मात्र खात्रीने म्हणण्याइतके कमी झाले नाहीत.

त्यात आपली गंमत आणखी वेगळी. ब्रिटनमधल्या पाहण्यांत दक्षिण आशियाई लोकांना वाहिन्यांचा आजार गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो आणि फिब्रिलेशन कमी. म्हणजे आपल्याला जी भीती जास्त खरी, तिच्याबद्दल ही घड्याळं गप्प असतात. हार्ट अटॅक ओळखता येत नाही, असं त्यांच्या सूचनांत लिहिलेलंही असतं. बाबांना घड्याळ बांधताना ते पान मी वाचलं नव्हतं.

घड्याळ घेऊ नका असं मी म्हणत नाही. धडधड होत असेल तर घ्या, आणि सापडलेली पट्टी डॉक्टरांना दाखवा. ठोके मोजून व्यायाम करायचा असेल तर छातीचा पट्टा पुरतो. पण घरात रक्तदाबाचं यंत्र नसेल तर आधी ते घ्या, दंडावर बांधायचं, मनगटाचं नको.

सांगलीच्या घरी आता फ्रिजवर मी मोठ्या अक्षरांत कागद लावलाय. छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखलं, घाम फुटला तर घड्याळ बघायचं नाही, १०८ लावायचा. त्याच्याखाली शेजारच्या काकांचा नंबर आहे. बाबांनी त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलंय, ‘पित्ताची गोळी नंतर’.