शेताखालचें रोम

रोमन साम्राज्य म्हटलें कीं संगमरवरी प्रासाद आणि सीझरच्या स्वाऱ्या डोळ्यांपुढें येतात. पण त्याची बहुसंख्य प्रजा खेड्यांत राहून शेती करीत होती. तिचा इतिहास ग्रंथांत थोडा, मातींत फार.

इंग्लंडांत बर्कशायर परगण्यांतील बॉक्सफर्ड या लहानशा खेड्याच्या ग्रामस्थांनीं संशोधकांच्या मार्गदर्शनाखालीं स्वतः कुदळ-फावडें हातीं घेतलें. २०१७ सालीं, काम संपत आलें असतां, एका शेतांत रंगीत खड्यांची चित्रमय फरशी लागली. २०१९ सालीं ती पूर्ण उघडण्यांत आली. ही फरशी इसवी सनाच्या चौथ्या शतकांतील. पंखांच्या घोड्यावरून विक्राळ पशूवर चालून जाणारा बेलेरोफोन, रथाची शर्यत मारून वधू मिळविणारा पेलॉप्स, अशा ग्रीक पुराणकथा तिच्यावर चितारलेल्या आहेत.

मौज ही कीं, वाडा मात्र बेताचाच! रोमपासून शेंकडों कोस दूरच्या या जमीनदारानें आपली बहुश्रुतता जणूं पाहुण्यांच्या पायांखालीं अंथरली होती. आणि त्याचें शेत कसणारे? त्यांचीं नांवें कोणत्याही फरशीवर नाहींत. अशांचा संसार फुटक्या खापरांवरून आणि जनावरांच्या हाडांवरूनच जुळवावा लागतो.

फरशी पुन्हां मातीनें झांकण्यांत आली. तिच्या रक्षणाचा तोच खात्रीचा उपाय. मात्र आपल्या पायांखालीं काय आहे, हें आतां गांवाला ठाऊक झालें आहे.