शनिवारी घाणा बंद : बेने इस्राएल आणि परत आलेला ग्रंथ

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तेली समाज मोठा. माझ्या लहानपणी लाकडी घाणे शेवटचे दिवस मोजत होते. बायका जवस, तीळ, करडई घेऊन घाण्यावर जायच्या आणि तेलासोबत ढेप घेऊन परतायच्या. त्यामुळे १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरच्या निमित्ताने 'शनवार तेली' हा शब्द समोर आला, तेव्हा आपल्याकडच्या एकबैले-दोनबैले भेदासारखाच हाही पोटजातीचा भेद असावा, असे मी धरून चाललो. कोकणात 'सोमवार तेली'ही होते. सोमवार महादेवाचा, म्हणून त्या दिवशी ते बैल जुंपत नसत. शनवार तेली शनिवारी जुंपत नसत. गावाच्या लेखी फरक एवढाच होता, एका वाराचा.

त्या एका वारामागे मात्र ज्यू धर्माचा शब्बाथ होता. शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, 'इस्राएलची लेकरे'. धर्मग्रंथ, प्रार्थनेची भाषा आणि प्रार्थनामंदिर यांपैकी काहीही हाताशी नसताना त्यांनी हा वार सांभाळला. पुढे अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत ते पुन्हा ग्रंथाकडे आले. या घडामोडीला सामान्यपणे 'धर्माकडे परतणे' म्हणतात. बरीच वर्षे मीही तेच म्हणत होतो. आता तो शब्द मला तितकासा बरोबर वाटत नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

समाजाची मूळकथा सर्वांना ठाऊक आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बुडालेल्यांना किनाऱ्यावर पुरले, आणि ती जागा आजही नवगावात दाखवतात. वाचलेल्यांचे वंशज किनाऱ्यालगतच्या गावांत पसरले आणि गावांवरून किहीमकर, झिराडकर, पेणकर, अष्टमकर, रोहेकर, दिवेकर झाले. अशी 'कर' आडनावे शंभराहून अधिक आहेत. या कथेला समकालीन लेखी पुरावा नाही. जहाज कुठून निघाले, कोणत्या शतकात निघाले, याबद्दल समाजातच मतभेद आहेत. बाहेरच्यांच्या कागदांत या लोकांचा उल्लेख उशिरा सापडतो, १७३८ च्या एका मिशनऱ्याच्या पत्रात आणि पुढे १७६८ मध्ये कोचीनचे व्यापारी एझेकिएल राहाबी यांनी ॲमस्टरडॅमला धाडलेल्या पत्रात. त्याआधीचे सारे आठवणीवर आहे.

त्या आठवणीतली सर्वांत बोलकी गोष्ट डेव्हिड राहाबी यांची. ते कोचीनहून कोकणात आले. समाजाची परंपरा त्यांना कित्येक शतके मागे नेते. बरेच अभ्यासक त्यांना अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहाबी घराण्याशी जोडतात. शनिवार पाळणारी, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणारी आणि 'शेमा' ही एकच हिब्रू प्रार्थना येणारी ही माणसे खरोखर इस्राएल आहेत काय, अशी शंका त्यांना आली. मग त्यांनी घरातल्या बायकांपुढे मासळी ठेवली आणि रांधायला सांगितली. बायकांनी खवले आणि पर असलेली मासळी एका बाजूला काढली, बाकीची दूर सारली. ती आम्ही खात नाही, म्हणाल्या. तोरामधला नियम नेमका हाच आहे. राहाबींची खात्री पटली. त्यांनी झिराडकर, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतून तीन जण निवडून शिकवले. त्यांनाच पुढे काझी म्हणू लागले. लग्ने लावणे, सुंता करणे, तंटे सोडवणे ही कामे ते गावोगाव फिरून करत.

ही गोष्ट घडली तशीच सांगितली जाते की नंतर रचली गेली, हे ठरवता येत नाही. पण तिच्यात परीक्षा कोणाची झाली, ते पाहण्यासारखे आहे. प्रश्न धर्माचा होता आणि उत्तर चुलीपाशी मिळाले. पुरुषांना मंत्र म्हणून दाखवायला सांगितले असते, तर पहिल्या ओळीपुढे कोणी गेले नसते.

सणांच्या जुन्या नावांतही हेच दिसते. ज्यू वर्षारंभाला बेने इस्राएल 'नव्याचा सण' म्हणत. त्यापाठोपाठ 'खिरीचा सण' येई. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास, ज्याला हिब्रूत योम किप्पूर म्हणतात, तो त्यांच्याकडे 'दार फाळणीचा सण' होता, कारण त्या दिवशी दारे लावून घरात राहायचे. जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोक ज्या सुमारास पाळतात, त्या वेळी त्यांच्याकडे 'बिरड्याचा सण' असे. वल्हांडणाच्या दिवसांत आंबट पाण्याचे भांडे झाकून ठेवायचे, म्हणून त्याचे नाव त्या झाकलेल्या भांड्यावरून पडले. खीर, बिरडे, भांडे, दार. एकाही नावात मोशे नाही, मंदिर नाही, इजिप्त नाही. सण कशासाठी हे पुसट झाले होते. त्या दिवशी काय शिजवायचे, काय झाकायचे आणि काय बंद करायचे, हे मात्र पक्के होते. धर्माचे कारण हरवले होते, कृती राहिली होती, आणि ती घरातल्या बाईच्या हाती होती.

इथे एक सावधगिरी हवी. 'ग्रंथाआधीच्या' या काळाचे वर्णन आपल्याला ग्रंथ मिळाल्यानंतरच्या माणसांनी करून दिले आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाची शाळा उभी केली. बेने इस्राएलांचा इतिहास त्यांनी इंग्रजीत १८९७ पर्यंत लिहून संपवला, पण तो छापला गेला १९३७ मध्ये तेल अवीवला. जुन्या सणांचा तपशील मुख्यतः त्यांच्यामुळे कळतो. शिकलेला माणूस आपल्या आजीच्या चालीरीती मांडतो, तेव्हा त्याला ठाऊक झालेल्या शास्त्राशी त्या जुळतात, हे दाखवण्याचा मोह असतोच. 'बिरड्याचा सण' आधीपासून मंदिराच्या शोकाचाच होता, की किहीमकरांच्या पिढीने तो तसा ओळखला? हा प्रश्न मी उघडा ठेवतो. बिरडे होते, एवढे नक्की.

ग्रंथाला घर मिळाले ते मुंबईत. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझेकिएल दिवेकर, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत देशी अधिकारी होते. दुसऱ्या म्हैसूर युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने त्यांची जात विचारली आणि 'बनी इस्राएल' हे उत्तर ऐकून, कुराणात ज्यांचे नाव आहे ते हे लोक, म्हणून त्यांना वाचवले, अशी आख्यायिका आहे. सुटका झाली तर प्रार्थनामंदिर बांधीन, असा त्यांचा नवस होता. १७९६ मध्ये मांडवी भागात 'शाअर हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे मुंबईतले पहिले सिनेगॉग उभे राहिले. लोक त्याला मशीदच म्हणत. शेजारच्या मशीद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. मंदिर झाले, पण तोराची गुंडाळी नव्हती. ती आणण्यासाठी दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिथेच वारले. पुढच्या दशकांत कोचीनकडून शिक्षक आले. त्यांतल्या शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव समाज आजही कृतज्ञतेने घेतो.

दुसरा हात अनपेक्षित बाजूने आला. १८१३ पासून मुंबईत अमेरिकन मिशनरी होते, १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन आले. त्यांना बेने इस्राएल ख्रिस्ती करून हवे होते. त्यासाठी त्यांनी शाळा काढल्या, मुलींनाही शिकवले, जुन्या करारातील पुस्तके मराठीत छापली. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. फारच थोडे जण ख्रिस्ती झाले. बाकीच्यांनी शाळा घेतली, पुस्तक घेतले आणि त्या पुस्तकात आपलीच गोष्ट वाचली. अब्राहाम, योसेफ, मोशे त्यांना पहिल्यांदा सविस्तर भेटले ते मराठीत. बिरडे का आणि दार का, याची कारणे आता छापील पानावर होती.

यानंतरची पन्नास वर्षे समाजाने विलक्षण काम केले, आणि तेही मराठीतच. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हाग्गादा १८४६ मध्ये मुंबईत शिळाछापावर निघाला. १८७४ च्या पुण्यातल्या आवृत्तीत चित्रे आहेत. बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका तिथे लुगडे नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० मध्ये कीर्तनोत्तेजक मंडळ निघाले आणि पूर्वरंग-उत्तररंगाच्या घाटात योसेफाचे, मोशेचे आख्यान होऊ लागले. हरदासाची कथा ऐकत वाढलेल्या माणसांना आपला धर्म त्याच चालीत ऐकायचा होता. परतायचे ते मराठी खाली ठेवून, असे त्यांच्या मनातही आले नाही.

पण ग्रंथासोबत तपासणीही आली. समाजात 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. ज्यांची आई किंवा आजी इस्राएल नव्हती, त्यांना काळे म्हणत. रोटी नाही, बेटी नाही. सिनेगॉग झाले तेव्हा हा भेद तिथेही शिरला आणि काळ्यांना मागे बसावे लागले. या बाबतीत ते शेजारच्या हिंदूंपेक्षा वेगळे नव्हते. मग त्यांच्याही वरचे कोणी आले. बगदादचे श्रीमंत ज्यू व्यापारी मुंबईत स्थिरावले, आरंभी बेने इस्राएलांच्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थना करू लागले आणि हळूहळू दूर झाले. १८३६ मध्ये त्यांच्यापैकी काहींनी सरकारकडे अर्ज केला की, दफनभूमीत आपल्या आणि बेने इस्राएलांच्या कबरींमध्ये भिंत घालू द्यावी. काळ्याला मागे बसवणाऱ्या गोऱ्याला आता कोणीतरी काळा म्हणत होते.

ही भिंत शेवटी इस्राएलपर्यंत गेली. १९४८ नंतर हजारो बेने इस्राएल तिकडे गेले. तिथल्या धर्मपीठाने १९६२ मध्ये लग्न लावणाऱ्या अधिकाऱ्यांना आदेश दिला की, बेने इस्राएल वधू-वरांच्या आई, आजी आणि त्यामागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शंका दोन होत्या. पूर्वी परधर्मीय रक्त आले का, आणि शास्त्राप्रमाणे घटस्फोटपत्र न घेता कोणा बाईने दुसरे लग्न केले का? तसे झाले असेल तर तिच्या संततीला इतर ज्यूंशी लग्न करता येत नाही. यावरचा प्रतिवाद मराठी माणसाला चटकन कळेल. आमच्यात घटस्फोट जवळजवळ नव्हतेच, विधवेचे लग्नही कोकणच्या रिवाजाप्रमाणे टाळत. मग तशी संतती कुठून येणार? शेजाऱ्यांकडून उचललेल्या, सुधारकांनी दोष दिलेल्या चालीच इथे शुद्धतेचा पुरावा झाल्या.

त्यांना एक सोपी वाट होती. शंकानिरसनासाठी विधिपूर्वक स्नान करा, धर्म नव्याने स्वीकारल्यासारखे करा, म्हणजे प्रश्न मिटेल. समाजाने ते नाकारले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये कुटुंबेच्या कुटुंबे धरणे धरून बसली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी तिथल्या संसदेत जाहीर झाले की, बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्यानंतर धर्मपीठालाही आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले.

'परतणे' हा शब्द मला इथे अडतो. परततो तो आधी गेलेला असतो. धरण्यावर बसलेल्यांचे म्हणणे हेच होते की, आम्ही गेलोच नव्हतो. ग्रंथ आमच्याकडून सुटला होता, तो आम्ही शोधून आणला, शिकलो, आमच्या भाषेत छापला. पण त्याने आमचा जन्म पुन्हा लिहू नये. राहाबींनी मासळीच्या टोपलीवरून जे मान्य केले होते, ते मान्य व्हायला धर्मपीठाकडून दोन वर्षे आणि एक धरणे लागले. आणि हेही विसरू नये की, ज्या चौकशीने ते दुखावले, तीच चौकशी त्यांनी काळ्या इस्राएलांची पिढ्यानपिढ्या केली होती.

आज महाराष्ट्रात हा समाज अडीच हजारांच्या आसपास उरला आहे. राज्य सरकारने २०१६ मध्ये त्याला अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागच्या मागेन अबोथ सिनेगॉगची गल्ली अजून इस्राएल आळी म्हणून ओळखली जाते. जवळच्या खंडाळे गावी 'एलियाहू हनबीचा टापा' आहे. प्रेषित एलियाहू इथून स्वर्गात गेले, त्यांच्या रथाची खूण खडकावर आहे, अशी श्रद्धा. नवस फेडायला लोक तिथे जातात आणि मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वर फळे, आणि एलियाहूच्या नावाने प्रार्थना. आमच्याकडे उरसात दर्ग्यावर मिळतो तो चुरलेल्या पोळीचा मलिदा वेगळा, पण नाव तेच.

हा मलिदा इतरत्र कुठल्या ज्यूंकडे नाही आणि कोणत्या शास्त्रात सांगितलेला नाही. एवढ्या शिक्षकांनी, छापखान्यांनी आणि तपासण्यांनीही तो काढून टाकला नाही. लोद, दिमोना, अश्दोद या इस्राएलमधल्या गावांत साखरपुड्याला, नव्या घराला, मुलगा लष्करातून सुखरूप परतला की आजही मलिद्याचे ताट मांडतात. प्रार्थना हिब्रूत होते. खोबरे किती आणि गूळ किती, हे विचारायचे झाले तर अजूनही घरातल्या आजीला विचारतात, आणि ती मराठीत सांगते.