मदरबोर्डची मांडणी वाचायची कशी? न बसलेल्या एका कार्डाची गोष्ट

आमच्या लॅबमध्ये मोजमापाचं एक जुनं उपकरण आहे. ते स्वतः ठणठणीत आहे, पण ज्या डेस्कटॉपला जोडलेलं होतं त्याचा मदरबोर्ड गेला. उपकरणाचं इंटरफेस कार्ड बसतं ते आयएसए स्लॉटमध्ये, आणि आजच्या साध्या डेस्कटॉप बोर्डावर हा स्लॉट येत नाही. माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाची मोजमापं तिथेच अडकली.

बरीच शोधाशोध करून जुन्या सामानाच्या बाजारातून आयएसए स्लॉटवाला एक बोर्ड मिळवला. स्लॉट मोजले, रॅम लावली, स्क्रीनवर अक्षरं उमटली. काम झालं असं वाटलं. मग कार्ड लावायला गेले तर ते बसेचना! जवळजवळ फूटभर लांबीचं कार्ड, आणि त्याच्या वाटेतच प्रोसेसरचा हीटसिंक आणि पंखा उभा.

तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "बोर्ड बनवणाऱ्याला एवढंही कळलं नाही का?" संशोधन करू पाहणाऱ्यांनी हेच वाक्य टाळायला शिकायचं असतं. ते का, हे सांगण्यासाठी ही पोस्ट. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

1981 ते 1984: बोर्ड लहान, कार्डं महत्त्वाची

ऑगस्ट 1981 मध्ये आयबीएमने आपला पीसी आणला. त्याच्या बोर्डावर 4.77 मेगाहर्ट्झचा इंटेल 8088 प्रोसेसर, थोडी मेमरी, पाच स्लॉट, आणि बाहेर जोडण्यासाठी फक्त कीबोर्ड व कॅसेट रेकॉर्डरची सोय होती. स्क्रीन, फ्लॉपी, प्रिंटर या सगळ्यांसाठी वेगळी कार्डं लागत. कॅबिनेट टेबलावर आडवं ठेवलेलं असे. बोर्ड त्याच्या तळाशी सपाट आणि कार्डं त्यात सरळ उभी. हे चित्र लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आयबीएमने सर्किटचे आराखडे आणि बायोसची यादीही छापून दिली होती, त्यामुळे इतर कंपन्या भराभर कार्डं बनवू लागल्या. पाच स्लॉट कमी पडायला लागले. 1983 च्या एक्सटीमध्ये ते आठ झाले. 1984 च्या एटीमध्ये स्लॉट 16 बिटचा झाला, पण जुना स्लॉट तसाच ठेवून त्याच्यापुढे आणखी एक तुकडा जोडला गेला, म्हणजे आधीची कार्डंही चालत राहिली. पुढे चिप लहान झाल्या तसा बोर्डही आक्रसला आणि साधारण 8.5 × 13 इंचांचा 'बेबी एटी' आला. स्क्रूची भोकं आणि स्लॉटच्या जागा मात्र जुन्या कॅबिनेटला जुळतील अशाच ठेवल्या.

माझ्या हातातला बोर्ड बेबी एटीच होता. अशा बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर पुढच्या कडेला, स्लॉटच्या रेषेत असतो. 286 च्या काळात यात काहीच वावगं नव्हतं. तेव्हाचा प्रोसेसर म्हणजे बोर्डालगतची एक सपाट चिप, तिच्यावर हीटसिंकही लागत नसे. लांब कार्ड तिच्या वरून आरामात जायचं. 1993 मध्ये पेंटियम आला, त्याच्या डोक्यावर हीटसिंक आणि पंखा आला, आणि तीच जागा अडचणीची झाली. बनवणाऱ्याला अक्कल होतीच. मांडणी जुनी राहिली आणि तिच्यावर बसणारी वस्तू बदलली, एवढंच.

1995: बोर्ड फिरवला

जुलै 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक प्रसिद्ध केलं. ढोबळमानाने सांगायचं तर बेबी एटी बोर्ड 90 अंशांत फिरवला. पूर्ण आकार 12 × 9.6 इंच. प्रोसेसर आणि रॅम स्लॉटच्या वाटेतून बाजूला होऊन एसएमपीएसजवळ गेले. हार्डडिस्क आणि फ्लॉपीचे कनेक्टर ड्राइव्हच्या जवळ आले, त्यामुळे केबल आखूड झाल्या. आधी सिरियल आणि पॅरलल पोर्ट पट्टीच्या केबलने मागे न्यावे लागत. आता ते बोर्डावरच, मागच्या कडेला एका चौकटीत आले.

वीजजोडणीही बदलली. एटीमध्ये एसएमपीएसचे पी-8 आणि पी-9 असे दोन कनेक्टर शेजारीशेजारी लागत. दोन्हींच्या काळ्या तारा मध्यभागी एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, हा मंत्र जुना प्रत्येक असेंब्लर पाठ म्हणून दाखवेल. अदलाबदल झाली की बोर्ड जळायचा. एटीएक्सने 20 पिनांचा एकच कनेक्टर दिला, आणि तो उलटा बसतच नाही. शिवाय 3.3 व्होल्ट थेट एसएमपीएसमधून मिळू लागले आणि सॉफ्टवेअरने पीसी बंद करता येऊ लागला.

पण एटीएक्सचेही सगळे अंदाज बरोबर ठरले नाहीत. सुरुवातीची कल्पना अशी, की एसएमपीएसचा पंखा बाहेरची हवा आत ओढेल आणि तीच प्रोसेसरवर सोडेल. पण ही हवा एसएमपीएसमधूनच तापून येणार! प्रोसेसर अधिक तापू लागले तशी ही सूचना मागे पडली आणि पंखा हवा बाहेर फेकू लागला.

बीटीएक्स: बरोबर उत्तर, पण प्रश्नच बदलला

माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात शिकवणारा भाग हा आहे. 2004 च्या सुमाराला पेंटियम 4 चे काही प्रोसेसर 115 वॅटपर्यंत गेले होते. त्यावर इंटेलने बीटीएक्स मांडणी आणली. प्रोसेसर पुढच्या बाजूला, त्याच्यासमोर मोठा पंखा, आणि एकाच सरळ झोतात प्रोसेसर, चिपसेट, ग्राफिक्स कार्ड गार होणार. हवेच्या प्रवाहाचा विचार केला तर ही मांडणी एटीएक्सपेक्षा सरस होती. डेलने आपल्या काही मॉडेलमध्ये ती वापरलीही.

पण तिच्यासाठी कॅबिनेट नवं लागे आणि बोर्डही नवा. आणि जुलै 2006 मध्ये कोअर 2 ड्युओ आला तो 65 वॅटचा. ज्या उष्णतेसाठी एवढा खटाटोप केला, तीच कमी झाली. त्याच वर्षी इंटेलने बीटीएक्स आवरतं घेतलं.

एटीएक्स टिकलं, पण म्हणून आज ते निर्दोष आहे असं समजू नका. कॅबिनेट आडव्याचं उभं झालं तेव्हा बोर्डही उभा झाला आणि त्यात सरळ उभी राहणारी कार्डं आडवी लटकू लागली. हलक्या कार्डांना त्याचं काही वाटलं नाही. आज दोन किलोच्या आसपास वजनाचं, 450 वॅटचं ग्राफिक्स कार्ड त्याच जागी लटकतं, त्याला खालून टेकू द्यावा लागतो, आणि अनेक बोर्डांवर त्याच्याच खाली एम.2 एसएसडी तापत बसते. 1984 ची जागा आणि 1993 चा पंखा, यांचीच ही पुढची आवृत्ती.

मग बोर्ड पारखताना काय विचारायचं?

मी आता चार प्रश्न विचारते.

1. यातलं मानकाने ठरवलेलं काय आणि बनवणाऱ्याने निवडलेलं काय? स्क्रूची भोकं आणि स्लॉटमधलं 0.8 इंच अंतर ठरलेलं असतं. एम.2 कुठे ठेवायचं, ही निवड असते.
2. ही वस्तू कशाच्या जवळ असणं भाग आहे? रॅम प्रोसेसरला खेटून असते, कारण सिग्नलची वाट लांबली की वेळ सांभाळणं कठीण होतं. बोर्डावर नागमोडी रेषा दिसतात त्या वाटांची लांबी सारखी करण्यासाठीच.
3. हिच्यावरून, शेजारून काय जाणार? हवा, लांब कार्ड, की आपला हात?
4. खोक्यावरच्या सोयी एकाच वेळी चालतात का? काही बोर्डांवर एक एम.2 स्लॉट वापरला की एकदोन साटा पोर्ट बंद होतात. हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, मॅन्युअलमध्ये असतं.

चौथ्या प्रश्नाने मला दुसऱ्यांदा फसण्यापासून वाचवलं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आयएसए स्लॉट असलेले एटीएक्स बोर्डही निघाले होते, त्यातला एक मिळाला. पण त्याचा एकुलता एक आयएसए स्लॉट शेजारच्या पीसीआय स्लॉटला लागून होता. कॅबिनेटच्या मागची खाच दोघांत एकच, म्हणजे एका वेळी एकच कार्ड लागणार. मोजताना दोन, वापरताना एक. मी पीसीआय मोकळा सोडला. प्रोसेसर वर एसएमपीएसजवळ होता, त्यामुळे कार्ड शेवटपर्यंत सरळ गेलं.

मोजमापं पुन्हा सुरू झाली आहेत. जुना बेबी एटी बोर्ड मात्र मी टाकून दिलेला नाही. तुम्ही जुना पेपर, जुनं उपकरण किंवा जुनी पद्धत तपासायला घ्याल तेव्हा "हे असं चुकीचं का केलं?" असं विचारण्याआधी "तेव्हा यांच्यापुढे कोणती अडचण होती?" हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधायला वेळ लागतो, पण प्रबंधात लिहिण्यासारखं काही मिळतं ते तिथेच.